व्हायकिंगकालीन तळासाठी लाकडी सामान: आधी पेटी करावी की पलंग?

उत्तरवारा (यॉर्कशायर)

नमस्कार. मी गेली चार वर्षे उत्तर इंग्लंडमध्ये राहतो आणि गेल्या वर्षीपासून दहाव्या शतकातील व्हायकिंगांचे, म्हणजे स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोकांचे, जीवन उभे करून दाखवणाऱ्या एका हौशी मंडळात जातो. मे ते सप्टेंबर या काळात काही शनिवार-रविवार एखाद्या जुन्या किल्ल्याच्या किंवा मठाच्या आवारात आमचा तळ पडतो. शुक्रवारी संध्याकाळी तंबू उभे करायचे, दोन दिवस आलेल्या लोकांना लढाई, स्वयंपाक, विणकाम, लोहारकाम दाखवायचे आणि रविवारी रात्री सगळे मोटारीत भरून घरी परतायचे, असा क्रम असतो. लोक पाहायला आलेले असताना त्या काळात नसलेली एकही वस्तू दिसता कामा नये, हा मंडळाचा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो.

कपडे आणि जोडे झाले आहेत. लाकडी सामान मात्र काहीच नाही. गेल्या मोसमात मी मेंढीचे कातडे अंथरून जमिनीवर झोपलो आणि बसायला दर वेळी दुसऱ्यांच्या बाकावर जागा मागितली. येत्या हिवाळ्यात स्वतःच्या हाताने पलंग, पेटी आणि बसायला काहीतरी करावे असा विचार आहे. माझ्याजवळ एक करवत, दोन पटाश्या, एक रंधा, घरामागची लहान खोपटी आणि चार माणसांची छोटी मोटार आहे. एका हिवाळ्यात सगळे होणार नाही हे दिसते आहे, म्हणून आधी काय करावे आणि जुन्या नमुन्याशी किती काटेकोर राहावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

गुण्या (सांगली)

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे. व्हायकिंगांविषयी मला फारसे ठाऊक नाही, परंतु लाकूड सगळीकडे सारखेच वागते. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा शब्द मोटार हा वाटला. जी वस्तू दर पंधरा दिवसांनी उचलायची, ओल्या गवतावर ठेवायची आणि पुन्हा घरी आणायची, तिचा सांधा घरातल्या कपाटासारखा करून चालत नाही. तो सुटा होणारा हवा, आणि सुटा होऊनही हलता कामा नये. असा सांधा म्हणजे कुसू आणि पाचर. फळीचे टोक बारीक करून कुसू काढायचे, ते समोरच्या फळीच्या भोकातून पार बाहेर काढायचे आणि बाहेर आलेल्या भागात आडवे भोक पाडून त्यात पाचर ठोकायची. मोगरीचे दोन ठोके मारले की घट्ट, उलट बाजूने एक मारला की मोकळे. हा सांधा तुमच्या काळात होता का, एवढे कुणीतरी सांगावे.

मेलारकाठ (स्टॉकहोम)

होता, आणि त्याचे उत्तम नमुने हाती आले आहेत. नॉर्वेतील ओसेबर्ग येथील टेकाडाचे उत्खनन १९०४ मध्ये सुरू झाले. त्यात दोन स्त्रियांचे दफन केलेले जहाज निघाले, आणि वृक्षवलयांवरून ते दफन इसवी सन ८३४ मधील ठरले आहे. जहाजावर पलंग, पेट्या, एक खुर्ची, गाडा, बर्फावरच्या घसरगाड्या आणि तंबूच्या चौकटी होत्या. त्याआधी १८८० मध्ये उत्खनन झालेल्या गोकस्टाडच्या जहाजावरही पलंग आणि तंबूच्या चौकटीच्या फळ्या मिळाल्या होत्या. हे पलंग सुटे करता येतात. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांसमोरही तोच प्रश्न होता जो उत्तरवारा यांच्यासमोर आहे. सामान न्यायचे कसे आणि मुक्कामावर उभे करायचे कसे, हे त्यांनी आधीच सोडवून ठेवले आहे. म्हणून माझे मत असे की सोयीसाठी नमुना बदलण्यापूर्वी मूळ नमुना नीट पाहावा, कारण पुष्कळदा सोय त्यातच असते.

आधी काय करावे, याचे माझे उत्तर पेटी हे आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला मेस्टरमिरच्या उपसलेल्या दलदलीत एक पेटी लागली. ती साधारण इसवी सन १००० च्या सुमाराची असून ओकची आहे, आणि तिच्यात सुतार-लोहाराची सुमारे दोनशे हत्यारे होती. ती येथील इतिहास संग्रहालयात आहे आणि मी तिच्यासमोर कितीदा उभा राहिलो याची मोजदाद नाही. लांबी सुमारे ९० सेंटिमीटर, रुंदी २६, उंची २४. चारही बाजू वर निमुळत्या होत जातात. तळाच्या फळीची कुसवे दोन्ही टोकांच्या फळ्यांत शिरतात, बाजूच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी बसवल्या आहेत आणि टोकांच्या फळ्या तळाखाली उतरून पायाचे काम करतात. त्यामुळे तळ ओल्या जमिनीला टेकत नाही. कोपऱ्यांवर कोणतेही अवघड गुंतवणीचे सांधे नाहीत, त्यामुळे दोन पटाश्यांत हे काम होते.

उत्तरवारा

फार आभारी आहे. या पेटीवर बसता येईल का? आणि ओक येथे महाग पडतो. पाइन चालेल का?

मेलारकाठ

मूळ पेटीचे झाकण जाड फळी कोरून किंचित कमानदार केलेले आहे, तरी बसता येते. मात्र २४ सेंटिमीटर ही उंची आरामात बसायला कमी पडते, त्यामुळे बसण्यासाठीही वापरायची असेल तर ती ३८ ते ४० पर्यंत न्यावी. हा बदल झाला आहे हे विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगावे, म्हणजे कोणाची दिशाभूल होत नाही. पेटीवर बसणे ही कल्पनाही निराधार नाही. ओसेबर्ग आणि गोकस्टाड या दोन्ही जहाजांत वल्हेकऱ्यांसाठी पक्की आसने नाहीत, त्यामुळे ते आपापल्या पेट्यांवर बसत असावेत असे अभ्यासक मानतात.

पाइनला माझी हरकत नाही. तो त्यांच्याच जंगलातला वृक्ष आहे आणि जहाजांच्या डेकच्या फळ्या पाइनच्याच होत्या. वजनाचा हिशेबही पाहा. मूळ मापाची पेटी दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांची केली तर ओकमध्ये साधारण १५ किलो होते आणि पाइनमध्ये १० ते ११. रविवारी रात्री चिखलातून मोटारीपर्यंत चालताना हा फरक हाताला कळतो.

शिशिर (पेनसिल्व्हेनिया)

मी अमेरिकेतील मध्ययुग-प्रेमींच्या संस्थेत गेली नऊ वर्षे आहे. ही संस्था १९६६ मध्ये बर्कली येथे सुरू झाली, आणि तिचा सर्वांत मोठा मेळावा, ज्याला पेन्सिक म्हणतात, १९७२ पासून भरतो. आमच्याकडे तो पश्चिम पेनसिल्व्हेनियात भरतो, दहा हजारांहून अधिक लोक येतात आणि तळ सुमारे दोन आठवडे असतो. इतके दिवस राहायचे असल्यामुळे मी वेगळा सल्ला देईन. आधी पलंग करावा. पेटीचे काम एखाद्या वेताच्या टोपलीने किंवा गोणपाटाच्या पोत्याने भागते, परंतु रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कोणत्याही गोष्टीत मन लागत नाही. जमिनीपासून एक वीत वर झोपले की थंडी आणि ओल दोन्ही निम्म्याने कमी जाणवतात, हा माझा अनुभव आहे.

बसण्यासाठी दोन फळ्यांची खुर्ची करावी. एका रुंद फळीला भोक पाडायचे आणि दुसऱ्या फळीची अरुंद शेपटी त्यातून सरकवायची. एका दुपारी तयार होते, सुटी केली की मोटारीत सपाट राहते, आणि आमच्या तळावर तर ती पावलोपावली दिसते.

मेलारकाठ

शिशिर, तुमच्या पलंगाविषयीच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु खुर्चीविषयी मला स्पष्ट असहमती नोंदवावीशी वाटते. दोन फळ्यांच्या त्या खुर्चीला लोक सर्रास व्हायकिंग खुर्ची म्हणतात, पण व्हायकिंग काळातील कोणत्याही उत्खननात किंवा चित्रात तशी खुर्ची मला आढळलेली नाही. त्या रचनेच्या खुर्च्या आफ्रिकेत परंपरेने होतात आणि ती परंपरा आदरणीय आहे. तीच वस्तू दुसऱ्या खंडाच्या नावावर खपवणे मात्र दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. ओसेबर्गची खुर्ची खोक्यासारख्या बांध्याची आहे. सामान्य माणसासाठी तीन पायांचे स्टूल, बाक, पेटी किंवा जमीन एवढेच होते. घरांत भिंतीलगत मातीचे ओटे असत आणि त्यांच्यावरच लोक बसत आणि झोपत.

शिशिर

तुमचे म्हणणे मान्य आहे. मी त्या खुर्चीचे मूळ कधी शोधले नव्हते, सगळे वापरतात म्हणून वापरली. आमच्या संस्थेत काळाची मर्यादा बरीच सैल असल्यामुळे ती खपून जाते, परंतु उत्तरवारा यांच्या मंडळात ती करू नये. तीन पायांचे स्टूल असमान जमिनीवरही डगमगत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पायांची भोके थोडी तिरपी पाडावीत, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला पसरतात.

गुण्या

या फळीतून फळी सरकवण्याच्या चर्चेवरून आपली पोथी ठेवायची ठवणी आठवली. ती एकाच फळीतून कोरतात. फळी मधोमध जाडीत चिरायची, पण बिजागरीच्या जागी एकमेकांत अडकलेल्या जिभा कोरून काढायच्या, म्हणजे दोन पाने वेगळी न होता उघडतात. माझ्या आजोबांनी केलेली सागाची ठवणी आजही आमच्या देवघरात आहे आणि तिला एकही खिळा नाही. मूळ प्रश्नाशी हिचा संबंध एवढाच की सुतार घडीची वस्तू करायला बसला की लोखंड वाचवतो. लोखंड तेव्हाही महाग असणार.

नदीकाठ (नाशिक)

मला या विषयाची आवड आहे, म्हणून एक शंका विचारतो. व्हायकिंगांकडे करवत नव्हती, ते सगळे कुऱ्हाडीने करत, असे मी वाचले होते. मग उत्तरवारा यांनी करवत वापरणे नियमात बसते का?

मेलारकाठ

मेस्टरमिरच्या त्याच पेटीत करवत मिळाली आहे, त्यामुळे करवत नव्हती हे खरे नाही. खरे एवढेच की फळ्या करवतीने कापून काढत नसत. ओकचे खोड पाचरी ठोकून मध्यातून उभे फाडत, मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे, असे करत पाचरीच्या आकाराच्या फळ्या मिळत आणि त्या कुऱ्हाडीने व वाकसाने सपाट करत. अशा फळीत लाकडाचा तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो, म्हणून ती पातळ असूनही मजबूत असते आणि कमी पीळ घेते. दुकानातली फळी गोल करवतीने कापलेली असते आणि तिच्यावर यंत्राच्या रेघा राहतात. त्या रेघा हाताच्या रंध्याने काढून टाकाव्यात. जवळून पाहणाऱ्याच्या नजरेत सांध्याआधी तीच गोष्ट येते.

गुण्या

हे अगदी खरे आहे. रंधा धारदार असेल तर लाकडाला चमक आपोआप येते. पॉलिशपेपरने घासू नये, कारण त्याने तंतू खरवडले जातात आणि पाऊस पडला की फळी केसाळ होते.

वैनगंगा (भंडारा)

पलंगाला फळ्या कशाला घालायच्या? आमच्याकडे बाज विणतात. चार पाय, चार आडव्या, आणि सुंभ. हलकी होते, अंगाला लवते आणि दोरी वेगळी गुंडाळून नेता येते. उत्तरवारा यांनी बाज केली तर मोटारीचा प्रश्नच मिटेल.

उत्तरवारा

वैनगंगा, तुमची सूचना वाचून आजोळची अंगणातली बाज डोळ्यांसमोर उभी राहिली. मी मंडळातील जुन्या सभासदाला विचारले. त्यांचे म्हणणे असे की ओसेबर्गच्या पलंगात तळाला लाकूडच आहे, आणि दोरीने विणलेला तळ आपल्या काळासाठी दाखवायचा तर आधार द्यावा लागेल. म्हणून मी फळ्याच घालणार आहे. बाजेची वीण मात्र माझ्या आजीकडून शिकायची राहून गेली, याची खंत वाटते.

आता अडचण अशी की माझ्या मोटारीत पुढचे आसन मागे पाडले तरी १ मीटर ९० पेक्षा लांब फळी बसत नाही.

शिशिर

बाजूच्या फळ्या १ मीटर ८५ ठेवाव्यात. कुसवे धरून एवढी लांबी असेल तर आत झोपायला पावणेदोन मीटरच्या आसपास जागा राहते. तुमची उंची त्याहून जास्त असेल तर टपावर कॅरिअर बसवणे बरे. फळी मध्ये कापून जोडण्याचा मोह टाळावा. मी एकदा तसे केले होते आणि मध्यरात्री सांधा उकलून पलंग खाली बसला. तेव्हापासून माझ्या पलंगाला अखंड फळी आहे.

आणखी एक गोष्ट. पाचरी मोजून दोन जास्त कराव्यात. तळावर हरवणारी पहिली वस्तू तीच असते.

गुण्या

पाचर पलंगाच्या लाकडापेक्षा कठीण लाकडाची असावी आणि तिचा उतार फार तीव्र नसावा. बोटभर लांबीत दोन-तीन मिलिमीटर पुरे. तीव्र उताराची पाचर हादऱ्याने आपोआप सुटते. कोरड्या दिवसांत कुसू आकसते आणि सांधा ढिला होतो, तेव्हा रोज संध्याकाळी मोगरीने एकेक ठोका द्यावा. ओल्या दिवसांत लाकूड फुगून सांधा इतका आवळतो की काढताना दमछाक होते. म्हणून कुसू भोकात केसभर सैलच ठेवावे आणि घट्टपणाचे काम पाचरीवर सोपवावे.

तांबटआळी (पुणे)

थोडे विषयाच्या कडेला जातो, परंतु सुट्या सामानाचा विषय निघाला आहे तर आपल्या देशाशी जोडलेला एक नमुना सांगितलाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करी अधिकारी जी खुर्ची तंबूत वापरत, तिला रुरकी येथील इंजिनिअर दलाच्या ठाण्यावरून रुरकी खुर्ची म्हणतात. लेथवर कातलेले चार पाय, निमुळत्या टोकांचे चार आडवे दांडे आणि कॅनव्हासचे किंवा कातड्याचे आसन. सरसही नाही आणि खिळाही नाही. दांड्याचे निमुळते टोक पायाच्या निमुळत्या भोकात बसते आणि माणूस बसला की आसनाच्या ताणाने सांधा आणखी आवळतो. सांधे मोकळे असल्यामुळे जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये केलेली सफारी खुर्ची याच रचनेवरून आली. एकोणिसाव्या शतकातील लष्करी जीवन उभे करणाऱ्यांनी ही खुर्ची अवश्य करावी. मी दोन केल्या आहेत आणि त्या गुंडाळून एका पिशवीत जातात.

नदीकाठ

मग मराठ्यांच्या छावणीचे काय? आपल्याकडे रायगडावर, सिंहगडावर असा तळ उभा करायचा ठरवला तर कोणते सामान करावे लागेल?

तांबटआळी

माझ्या समजुतीप्रमाणे सुताराला तेथे फार काम नाही, कारण बैठक जमिनीवरची होती. राहुटीत जाजम किंवा सतरंजी, वर गादी, पाठीशी लोड आणि तक्के, लिहिणाऱ्यापुढे कलमदान आणि उतरते मेज, जेवायला पाट, देवासाठी चौरंग, पाण्यासाठी घडवंची. हे सगळे उंटावर किंवा बैलावर चढते. मेज, पाट, चौरंग, घडवंची अशा मोजक्याच वस्तू लाकडाच्या झाल्या, आणि म्हणूनच त्या जास्त मन लावून कराव्यात असे मला वाटते. यासाठी स्वतंत्र धागा काढावा. मी नक्की लिहीन.

जवस (लंडन)

उत्तरवारा लाकडाला काय लावणार आहेत हे कोणी विचारले नाही, म्हणून लिहिते. व्हार्निश लावू नये, त्याची प्लास्टिकसारखी चकाकी लांबूनही ओळखू येते. जवसाचे तेल पातळ हाताने दोन-तीनदा लावावे. पायांची खालची टोके मात्र तेलात बुडवूनच ठेवावीत, कारण आडव्या कापावर तंतूंची तोंडे उघडी असतात आणि पाणी तेथूनच वर चढते.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चिंधी गोळा होऊन पडली असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि चिंधी आपोआप पेटू शकते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गॅरेजमध्ये अशाच चिंध्यांच्या डब्यातून धूर येऊ लागला. मी घरी होते म्हणून थोडक्यात निभावले. तेव्हापासून प्रत्येक चिंधी दोरीवर सुटी पसरून वाळवते किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवते.

उत्तरवारा

जवस, हे मला मुळीच माहीत नव्हते. खोपटीत कोपऱ्यात ठेवलेल्या चिंध्या आत्ताच बाहेर नेऊन दोरीवर घातल्या. मनःपूर्वक आभार.

मेलारकाठ

ओकला लोखंडी पट्ट्या लावणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवावे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, आणि ओल लागली की लोखंडाभोवती निळसर काळे डाग पडतात. ती चूक नव्हे, ओकचा स्वभावच तसा आहे.

उत्तरवारा (सात महिन्यांनंतर)

धागा वर आणतो आहे, कारण मोसमातला पहिला तळ मागच्या रविवारी झाला आणि तुम्हा सर्वांना सांगितल्याशिवाय राहवले नाही.

शेवटी आधी पेटी केली. मेलारकाठ यांच्या म्हणण्याचा भार जास्त होता हे खरे, पण पेटी करताना हात बसला आणि तेच कुसू मोठ्या मापात पलंगाला काढायचे आहे हे लक्षात आले, म्हणून फेब्रुवारीत पलंगही हाती घेतला. पेटी पाइनची, ३८ सेंटिमीटर उंच, लाकडी खुंट्यांची. पहिल्या दोन खुंट्या ठोकताना फळी चिरली, कारण मी भोक फळीच्या टोकाच्या फार जवळ पाडले होते. ती फळी बदलली. बिजागऱ्या आणि कडी मंडळातल्या लोहाराने घडवून दिल्या आणि मी त्यांना त्याबदल्यात दोन हातोड्यांचे दांडे करून दिले. पलंगाच्या बाजू १ मीटर ८५ आहेत, डोक्याकडच्या फळ्या साध्या ठेवल्या आहेत. त्यांच्यावर प्राण्यांची मुंडकी कोरायची आहेत, पण त्याआधी मला कोरीवकाम शिकावे लागेल.

तळावर शनिवारी दुपारी पाऊस आला. पेटीचे पाय चिखलात दोन बोटे रुतले, पेटीचा तळ मात्र कोरडा राहिला आणि आतले धान्यही कोरडे होते. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर तंबूपाशी आली आणि हा पलंग मोडला तर काय कराल असे विचारू लागली. मी मोगरी तिच्या हातात दिली, पाचर कोणत्या बाजूने ठोकायची ते दाखवले, आणि तिने चारही पाचरी काढून पलंग सुटा केला. मग पुन्हा जोडूनही दिला. तोवर पंधरा-वीस माणसे भोवती जमली होती आणि त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की त्यांच्या वडिलांच्या कोठारातल्या दाराला अशीच पाचर होती.

शिशिर, तुमचे भाकीत खरे ठरले. एक पाचर रविवारी आवरताना गवतात गेली आणि सापडली नाही. जास्तीच्या दोन होत्या, त्यांतली एक लावली. आता तीन पायांच्या स्टुलाकडे वळतो. पायांसाठी अॅश या झाडाचे ओले लाकूड मिळाले आहे. बसायची फळी वाळलेली आणि पाय ओले असतील तर वाळल्यावर सांधा ढिला होईल, अशी मला भीती वाटते. गुण्या, यावर तुमचे मत हवे आहे.

गुण्या

भीती रास्त आहे, तुम्ही उलटे करू पाहत आहात. पाय पूर्ण वाळू द्यावेत, आणि फळी थोडी ओलसर असताना भोके पाडून पाय ठोकावेत. फळी वाळताना आकसेल आणि पायांना आवळून धरेल. पाय चुलीजवळ किंवा हीटरजवळ आठवडाभर ठेवा, पण टोकांना मेण लावा, नाहीतर तडे जातील. स्टूल झाले की छायाचित्र टाका.